बारकीचा देवदार आणि माझे सोनकिडे

माझी बहीण झाडांची आणि मी किड्यांची. आमची आई पाहुण्यांना आमची ओळख अशीच करून देते. "ही बारकी, तिकडं पहाडात झाडांची साहेब हाय. अन् ही मोठी, किड्यांचं बघती." आईच्या मनात काही नसतं, पण साहेब ती आणि बघणारी मी, हे मला दर वेळी टोचतं.

बारकी माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती वनशास्त्र शिकली आणि हिमाचलात जंगलांच्या संशोधनाच्या नोकरीला लागली. तिचं सगळं काम देवदारावर. मी नवीन जालन्यात एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शनिवारी तास संपले की अंबडमार्गे बस धरून वडीगोद्रीला आई-अण्णांकडे येते, रविवारी शेताच्या बांधावर सोनकिडे शोधत फिरते आणि सोमवारी सकाळच्या बसने परत जाते. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला हे विचित्र वाटायचं. आता तोच माझ्या डब्या धुऊन ठेवतो.

सोनकिडा आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. श्रावण-भाद्रपदात तो हिवरावर, बाभळीवर दिसतो. अंगठ्याच्या पेराएवढा, मान हिरवीगार, पाठ चिंचोक्यासारखी तांबूस आणि चकचकीत. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. पोरं त्याला काडेपेटीत ठेवतात आणि वर बाभळीचा पाला घालतात. झाडावर आल्यावर तो काही आठवडेच जगतो. त्याआधीचं सगळं आयुष्य अळी होऊन जमिनीखाली मुळ्या कुरतडण्यात गेलेलं असतं. त्या अंधारातल्या दिवसांबद्दल फार कुणाला माहिती नाही, आणि मला नेमकं तेच शोधायचं होतं.

देवदार मात्र आमच्याकडे समजावून सांगावा लागतो, आणि ते काम अण्णांनी अंगावर घेतलं होतं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्मभर शेती केली, अजूनही मोसंबीची बाग स्वतः बघतात. बारकीने एकदा त्यांना देवदाराचं फळ आणून दिलं. त्याच्या पाकळ्या गळून गेल्या की शेंड्याचा जो भाग उरतो तो हुबेहूब गुलाबाच्या फुलासारखा दिसतो, पण सगळा लाकडी. अण्णांनी ते फूल बैठकीतल्या शोकेसमध्ये मधोमध ठेवलं. कुणी आलं की चहा यायच्या आत ते बाहेर निघायचं.

"बघा, हे कुणी कोरलेलं न्हाई. झाडालाच असं येतं. शेकडो वर्सं उभं राहतंय ते झाड. वाळवी बिलकुल लागत न्हाई त्याला."

पाहुणे फूल हातात घेऊन वास घ्यायचे. मी आतून चहाचा ट्रे घेऊन यायची आणि त्यांचं हुंगून होईपर्यंत उभी राहायची. माझ्याकडेही एक काचेची पेटी होती. तिच्यात निरनिराळ्या बांधांवरचे सोनकिडे ओळीने टाचून ठेवलेले. ती आईने माळ्यावर टाकली होती, कारण मेलेलं काही देवघरासमोर नको. ते फूलही मेलेलंच आहे, असं मी एकदा म्हणाले. आई म्हणाली, "लाकूड मरत असतंय का?"

बारकी फोटो पाठवायची. देवदाराच्या बुंध्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभी, आणि तरी तो बुंधा तिच्या मिठीत मावत नाही. गालांवर थंडीची लाली, मागे बर्फ. मी माझा फोटो पाठवला तर तळहात आणि त्यावर किडा, बाकी मी कुठेच नाही. अण्णांनी मोबाईलवर तिच्या गावचं हवामान लावून घेतलं होतं. ऐन उन्हात, मी बसमधून उतरून घामाने निथळत दारात आले तरी ते आधी मोबाईल पुढे धरायचे. "मोठे, बघ. बारकीकडं आज बर्फ पडून राह्यलंय." जालन्यात किती तापलंय हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारून काय करणार होते, हे मलाही कळत होतं. पण मत्सराला असलं कळून काही फरक पडत नाही.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला बारकी आली ती सोबत देवदाराचं रोप घेऊनच. दिल्लीहून जालन्यापर्यंत ते तिने मांडीवर धरून आणलं होतं. वीतभर उंचीचं, निळसर हिरव्या सुयांचं, बाळाच्या जावळासारखं मऊ. अण्णांनी त्याच्यासाठी सिमेंटची कुंडी आणून ठेवली होती, वाळू आणि पालापाचोळ्याचं खतही तयार होतं. म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बारकीला बाजूला घेतलं. "इथं जगंल का हे?"

ती हसली आणि म्हणाली, "बघू ना."

थंडीभर ते रोप छान राहिलं. अण्णांनी कुंडी अंगणातल्या निंबाच्या सावलीत ठेवली होती. रोज सकाळी ते मोसंबीच्या आधी तिथे जायचे. माघात रोपाला शेंड्याशी कोवळ्या, फिकट सुया फुटल्या, तर अण्णांनी मला कॉलेज चालू असताना फोन केला. मी वर्गातून बाहेर येऊन घाबरून फोन उचलला. "मोठे, फुटलं बरं का," ते म्हणाले. मला वाटलं आईचं काही फुटलं, हाड वगैरे.

फाल्गुनात एका शनिवारी मी आले, चहा घेतला आणि ऊन उतरल्यावर बांधावर गेले. आमच्या बांधावर हिवराची चार झाडं आहेत. माझं सगळं काम त्याच चार झाडांवर आणि त्यांच्या मुळाशी चालायचं. त्या दिवशी ती झाडं पार बोडकी उभी होती. फांद्या कुऱ्हाडीने तोडून नेलेल्या, बुंध्यावर पांढरे घाव. मी पळतच घरी आले. अंगणात कुंडीभोवती हिवराच्या काटेरी फांद्यांचं भक्कम कुंपण घातलेलं होतं आणि अण्णा आत वाकून रोपाला पाणी घालत होते.

"अण्णा, हिवर कुणी तोडला?"

"मीच तोडला. मेंढरं येऊन राह्यलीत रोज इकडून. परवा एक शेळी पार कुंडीजवळ आल्ती."

"ती माझी झाडं होती."

"तुझी कशी? बांध माझा हाय." ते हसत म्हणाले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

मग माझा तोल गेला. मी म्हणाले, हे झाड थंडीतलं आहे, बर्फातलं आहे. वैशाखात इथे कावळा झाडावरून पडतो, त्यात हे काय टिकणार? तुम्ही कितीही पाणी घाला, किती पोती ओली करून लावा, हे वाळणार. आणि याच्यासाठी तुम्ही जितीजागती झाडं तोडली. दरवर्षी सोनकिडे येऊन बसतात ती झाडं.

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. आता ते हसत नव्हते.

"मोठे," ते म्हणाले, "तुला बारकीचं बघवत न्हाई."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती.  मी पिशवी उचलली. त्या दिवशी मी मुक्काम न करता शेवटच्या बसने जालन्याला परत गेले. खिडकीशी बसून मनातल्या मनात अण्णांना उत्तरं देत होते. झाडाबद्दल माझं बरोबर होतं. माझ्याबद्दल त्यांचंही बरोबर होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

चैत्र सरला तेव्हा सुयांचे शेंडे पिवळे पडायला लागले. अण्णांनी वर हिरवी जाळी बांधली. दुपारी कुंडीभोवती ओली पोती गुंडाळायचे. घरातला कूलर त्यांनी खिडकीत उलटा फिरवला आणि गार हवा अंगणात सोडली. आई आत पदराने वारा घेत बसलेली. मी शनिवारी यायची, सगळं बघायची आणि गप्प राहायची. मी काहीही बोलले असते तरी ते एकाच अर्थाने घेतलं गेलं असतं. वैशाखात एका रविवारी अण्णांनी फांदीला बोट लावलं आणि सगळ्या सुया एकदम गळून कुंडीत पडल्या. त्यांनी त्या एकेक करून तळहातावर गोळा केल्या. मग मला म्हणाले, "बारकीला सांगू नको."

मला त्यांच्याकडे बघवेना. आपलं खरं झालं की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. कदाचित ते माझ्याकडे न बघता बोलले म्हणून असेल.

संध्याकाळी बारकीचा फोन आला. अण्णांनी तो माझ्याकडे दिला आणि स्वतः बागेकडे गेले. ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग विचारलं, "रोप कसंय गं आक्का?"

"बरंय," मी म्हणाले.

दर आठवड्याला मी "बरंय" म्हणत राहिले. अण्णांनी कुंडीत मोगरा लावला. हिवराचं कुंपण चुलीत गेलं.

भाद्रपदात बारकी महालक्ष्म्यांना आली. तिला सुट्टी मिळेल अशी कुणालाच आशा नव्हती, त्यामुळे तिचं येणं आईला दसऱ्यासारखं झालं. मी आठवडाभर आधीपासून शनिवार-रविवार सोडून मधल्या वारीही येऊन फराळाचं, आराशीचं बघत होते. सोळा भाज्या निवडल्या, आंबिलीचं पीठ दळून आणलं, मुखवटे घासले. बारकी आली तेव्हा सगळं मांडून तयार होतं. तिने पिशवीतून देवदाराची लाकडी फुलं काढून महालक्ष्म्यांच्या पायाशी गोल मांडली. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई आधी तीच बघायची. "अगं बाई, हे कशाचं?" म्हणून बारकीला विचारायची. मी पुरण वाटत होते. एका बाईने मला बघून म्हटलं, "तू तर काय, असतीसच." मी हो म्हणाले.

आल्या आल्या बारकीने अंगणात मोगऱ्याची कुंडी पाहिली होती, पण अण्णांसमोर काही काढलं नाही. महालक्ष्म्यांच्या बोळवणीनंतर मी बांधावर निघाले तर ती सोबत आली.

हिवराला तोडलेल्या जागी लुसलुशीत फूट आली होती. त्या कोवळ्या पाल्यावर सोनकिडे बसले होते, एकाच फांदीवर चार-पाच. बारकी वाकून बघायला लागली.

"आक्का, रोप उन्हाळ्यातच गेलं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. फोनवर 'बरंय' म्हणलीस तव्हाच कळलं मला. तू माझ्या झाडाला कधी बरं म्हणत न्हाईस."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी विचारलं, जगणार नाही हे माहीत होतं तर आणलंस कशाला?

"मी आणत नव्हते. अण्णांनी मागितलं. मी दोन-तीनदा न्हाई म्हणले. पण ते म्हणले, तुझ्या तिकडलं काहीतरी जित्तं आण. लाकूड नको म्हणले."

मी पुढे चालायला लागले. अण्णांनी मागितलं होतं. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवेना. औषधं मी न मागता आणते, चष्मा मी बदलून आणते, मोबाईलवर ते हवामानसुद्धा मीच लावून दिलं होतं.

बारकी मागून बोलत होती. "तुझं बरंय आक्का. मी लावलेलं एकबी झाड मोठं झालेलं मी बघणार न्हाई. माझी नोकरी संपंल तव्हा ते माझ्या डोक्याच्या वर गेलेलं असलं तरी पुष्कळ. तुझा किडा बघ, महिन्याभरात सगळं दाखवून मोकळा."

ती खरंच दुःखाने बोलत होती. पण मला त्या दुःखाचासुद्धा हेवा वाटला. माझं दुःख काय, तर आज पाच सोनकिडे दिसले आणि पुढच्या रविवारी दोनच दिसतील. तिच्या दुःखालाही देवदाराची उंची होती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळेचे हेडमास्तर घरी आले. त्यांनी आम्हा दोघींना सातवीच्या वर्गाशी बोलायला बोलावलं. आम्ही पोहोचलो तर फळ्यावर उभी रेघ ओढून त्यांनी वर झोकात लिहिलं होतं: 'फरक सांगा. देवदार व सोनकिडा.' अण्णा धुतलेली टोपी घालून मागच्या बाकावर बसले होते. शोकेसमधलं फूल त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं.

बारकीने भिंतीवर फोटो दाखवले. पोरं श्वास रोखून बघत होती. बर्फ खाता येतं का, अस्वल झाडावर चढतं का, झाड पडलं तर किती वेळ आवाज येतो, प्रश्न संपेनात. मग माझी पाळी. मी काचेच्या बरणीतले सोनकिडे पुढे केले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तं लई हायत आमच्या बांधावर." तिने दप्तरातून काडेपेटी काढली. तिच्यातला सोनकिडा माझ्या बरणीतल्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं.

मग हेडमास्तरांनी फरक विचारायला सुरुवात केली. देवदार उंच, सोनकिडा छोटा. देवदार उडत नाही. सोनकिडा घरी आणता येतो. देवदार लई वर्षं जगतो, सोनकिडा लवकर मरतो. तेवढ्यात ती काडेपेटीवाली मुलगी उठली. ती आमच्याच गल्लीतली.

"सर, देवदार आपल्याकडं जगत न्हाई. ह्यांच्या अण्णांचा वाळून गेला."

 बारकीने खडू उचलला आणि परत ठेवला. मी मागे पाहिलं. अण्णा खाली मान घालून हातातलं ते लाकडी फूल फिरवत होते. बारकीपासून लपवलेली गोष्ट भर वर्गात बाहेर आली होती. हीच गोष्ट मी त्यांना फाल्गुनात सांगितली होती. आता मला नुसती मान हलवायची होती.

"जगलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मला जरा मोठाच वाटला. "दिवाळीपासून पार वैशाखापर्यंत जगलं. माघात नवी पालवीसुद्धा फुटली होती त्याला. मी बघितली. एवढ्या उन्हात देवदार इतके महिने जगवणं सोपं नसतं. आमच्या अण्णांनी जगवला."

हेडमास्तरांनी 'आपल्याकडे वैशाखापर्यंत जगतो' असं फळ्यावर लिहून टाकलं. अण्णांनी वर पाहिलं नाही. बारकीने टेबलाखाली माझा हात दाबला. मी हात हळूच काढून घेतला, कारण मी ते तिच्यासाठी बोलले नव्हते.

बारकी निघाली त्या दिवशी अण्णा आणि मी तिला सोडायला जालना स्टेशनवर गेलो. दिल्लीच्या गाडीला गर्दी होती. तिचं सामान चढवलं, पाण्याची बाटली दिली. गाडी हलायला लागली तसे अण्णा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "बारके, पुढच्या टायमाला दोन रोपं आण. एक गेलं तर एक राहील."

मी त्यांच्या मागेच होते. दोन रोपं म्हणजे दुप्पट कुंपण, हे माझ्या लगेच डोक्यात आलं. तरी मीच पुढे होऊन ओरडले, "मागच्यासारखी वीतभर आणू नको, जरा मोठी झालेली आण. जाळीचं मी बघते." बारकी खिडकीतून हात हलवत हसत राहिली.

गाडी गेल्यावर आम्ही बाहेर आलो. ऑटोवाले अंगावर येत होते. स्टँडवर जायला ऑटोत बसलो तेव्हा मी अण्णांना विचारूनच टाकलं. "अण्णा, बारकीला मागता. मला कधी काही मागितलं न्हाई तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुला काय मागायचं? तू तर दर शनवारी येतीस."

 हे कौतुक होतं की काय होतं ते मला कळेना, आणि उलगडून विचारायची हिंमत झाली नाही. ऑटो बाजारातून चालला होता. थोड्या वेळाने अण्णांनीच माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"हां, एक सांगायचं राह्यलंच. आईच्या मिक्सरचं भांडं फुटलंय. येताना तेवढं घेऊन ये. अन् बराबर मापाचं बघ, मागच्या टायमाला झाकण बसत नव्हतं."

पुढच्या शनिवारी मी भांडं घेऊन गेले. झाकण बरोबर बसलं. आईने लगेच त्यात शेंगदाण्याचं कूट केलं. अण्णा बैठकीत एका पाहुण्याला देवदार सांगत होते. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, पाहुण्यांचं हुंगून होईपर्यंत नेहमीसारखी उभी राहिले आणि मग डबी घेऊन बांधाकडे गेले.